खोकाभर पोस्टकार्डं आणि ‘सिटिझन्स युनायटेड’ची १५ वर्षं

तीन_नद्यांकाठी | २१ जानेवारी २०२५, ०७:४०

पिट्सबर्गात आज हाडं गोठवणारी थंडी आहे, घराबाहेर पडायचा प्रश्नच नाही. म्हणून माळ्यावरचं बुटांचं एक खोकं खाली काढलं. गेल्या सप्टेंबरापासून निवडणुकीपर्यंत आमच्या टपालपेटीत आलेली प्रचाराची पोस्टकार्डं मी फेकली नाहीत, या खोक्यात टाकत गेले. नवरा म्हणाला, रद्दीवाला इथे येत नाही, लक्षात आहे ना? आज मोजली. १४३ भरली. पेनसिल्व्हेनिया हे काठावरचं राज्य, त्यामुळे आमच्यावर सगळ्यांचंच प्रेम.

नीट निवडायला बसले तर १४३ पैकी उमेदवारांनी स्वतः पाठवलेली फक्त ३१. उरलेल्या ११२ कार्डांवर खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात एक ओळ आहे. मराठीत सांगायची तर: ‘कोणत्याही उमेदवाराने किंवा उमेदवाराच्या समितीने हे अधिकृत केलेले नाही.’ कार्डावर वर उमेदवाराचा हसरा फोटो (किंवा विरोधकाचा काळाकुट्ट केलेला), मध्ये ‘यांनाच मत द्या’, आणि खाली ‘आमचा त्यांच्याशी संबंध नाही’.

आजची तारीख मुद्दाम साधली. २१ जानेवारी २०१० ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ‘सिटिझन्स युनायटेड’चा निकाल ५ विरुद्ध ४ ने दिला. त्याच्याबद्दल इथे ‘कंपनी म्हणजे माणूस असं कोर्ट म्हणालं’ एवढंच बोललं जातं. प्रकरण त्याहून मजेदार आहे.

सिटिझन्स युनायटेड ही उजव्या विचारांची, नफा न कमावणारी संस्था. २००८ साली हिलरी क्लिंटन डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागत होत्या, तेव्हा या मंडळींनी ‘हिलरी : द मूव्ही’ नावाचा टीकापट काढला. केबलवर मागणीनुसार तो फुकट दाखवायचा होता आणि त्यासाठी १२ लाख डॉलर मोजायची तयारी होती. आडवा आला २००२ चा कायदा. पक्षांतर्गत निवडणुकीआधी ३० दिवस आणि मुख्य निवडणुकीआधी ६० दिवस, कंपनीच्या किंवा युनियनच्या तिजोरीतून उमेदवाराचं नाव घेणारं प्रक्षेपण करायला बंदी.

खटला छोटाच होता. सिनेमा म्हणजे जाहिरात का, एवढ्यावर मिटला असता. पण मार्च २००९ च्या सुनावणीत न्यायमूर्ती अलिटोंनी सरकारी वकिलाला विचारलं की तुमचं म्हणणं मान्य केलं तर उद्या पुस्तकालाही हाच नियम लागेल का? वकील प्रामाणिक. म्हणाले, संसदेने ठरवलं तर लागू शकतो. मग सरन्यायाधीश रॉबर्ट्सनी धरलं: ५०० पानांचं पुस्तक आहे आणि शेवटी एकच वाक्य आहे, ‘म्हणून अमुकला मत द्या’, तर? तेही कंपनीच्या पैशाने छापता येणार नाही, असं उत्तर आलं. तिथेच सरकार हरलं असं मला वाटतं. सप्टेंबरमध्ये फेरसुनावणी झाली. एलेना केगन सरकारकडून उभ्या राहिल्या, सुप्रीम कोर्टातला त्यांचा हा पहिलाच युक्तिवाद. त्या म्हणाल्या, पुस्तकांवर हा कायदा कधी वापरला नाही आणि टिकणारही नाही. बरं मग पत्रक? पत्रकाचं वेगळं, म्हणाल्या. झालं!

निकाल न्या. केनेडींनी लिहिला. गाभा असा: उमेदवाराशी संगनमत न करता केलेल्या स्वतंत्र खर्चातून भ्रष्टाचार होत नाही, म्हणून तो रोखता येणार नाही, करणारी कंपनी असो वा युनियन. दोनच महिन्यांत वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने पुढचं पाऊल टाकलं. स्वतंत्र खर्च निर्दोष, तर असा खर्च करणाऱ्या समितीला देणगी देण्यावर तरी मर्यादा कशाला? त्यातून जन्मली सुपर पॅक, म्हणजे अमर्याद देणग्या घेऊन असा स्वतंत्र खर्च करणारी समिती. माझ्या खोक्यातली ११२ कार्डं ही तिची बाळं.

माझा राग निकालातल्या तत्त्वापेक्षा ‘स्वतंत्र’ या शब्दावर आहे. अख्खा डोलारा त्या मुंगीच्या ओळीवर उभा आहे. तुम्हाला काय वाटतं?

---

रानवारा | २१ जानेवारी, ०९:०५

छान लिहिलंय. म्हणजे २०१० पासून कंपन्या उमेदवाराला हवे तेवढे पैसे देऊ लागल्या. मस्कनेही तेच केलं. पैसा बोलतो, बाकी सब झूठ.

---

तीन_नद्यांकाठी | २१ जानेवारी, ०९:३२

रानवारा, दोन्ही गोष्टी नाहीत हो.

कंपनीने उमेदवाराला थेट पैसे द्यायला १९०७ च्या टिलमन कायद्यापासून बंदी आहे, ती आजही आहे. थिओडोर रूझवेल्टच्या १९०४ च्या प्रचारात विमा कंपन्यांनी पॉलिसीधारकांचा पैसा ओतला होता, ते चव्हाट्यावर आल्यावर हा कायदा झाला.

आणि मस्क हे माणूस आहेत, कंपनी नव्हेत. धनाढ्य माणसाने स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करावा, ही मुभा १९७६ च्या ‘बकली’ निकालाने दिली. देणगीवर मर्यादा चालेल, खर्चावर नाही, कारण खर्च म्हणजे अभिव्यक्ती. ही वाटणी तेव्हाची. मस्कनी मागच्या निवडणुकीत २५ कोटी डॉलरच्या वर घातले. सुपर पॅकची सोय २०१० ची, पण मूळ दार १९७६ ला उघडलंय.

---

फाटकी_छत्री | २१ जानेवारी, ०९:५०

कंपनी जर माणूस असेल तर तिला सोसायटीच्या मीटिंगला बोलवा. तिथे बोलून दाखवावं तिने.

वाचनखूण साठवली आहे.

---

आडवा_प्रश्न | २१ जानेवारी, ११:१८

चांगला धागा, पण निकालाची बाजू घेणारं कोणीतरी हवं, म्हणून मी.

१. न्यूयॉर्क टाइम्स ही कंपनीच आहे. तिने मतदानाच्या आदल्या दिवशी अग्रलेखात ‘अमुकला मत द्या’ लिहिलं तर चालतं, कारण त्या कायद्यात प्रसारमाध्यमांना सूट होती. म्हणजे छापखाना ज्याच्या मालकीचा त्याला तोंड, आणि चार लोकांनी वर्गणी काढून संस्था केली तर तिच्या तोंडाला ६० दिवस फडकं?

२. डावीकडची म्हणून ओळखली जाणारी एसीएलयू ही नागरी हक्कांची संघटना या खटल्यात सिटिझन्स युनायटेडच्या बाजूने होती. आणि निकालाने कामगार युनियनही मोकळ्या झाल्या, हे कोणी सांगत नाही.

दुसरा मुद्दा आला म्हणून तिसरा हवाच असं नाही, थांबतो. पण ताई, ते पुस्तकाचं उत्तर तुम्ही ‘वकील प्रामाणिक’ म्हणून सोडून दिलंत. माझ्या मते पूर्ण प्रकरण तेच आहे. ज्या कायद्यात पुस्तक अडकू शकतं तो कायदा वाईट. पुस्तकावर वापरणार नाही असं सरकारने वचन दिलं, तर त्या वचनावर तुम्ही विसंबाल?

---

तीन_नद्यांकाठी | २१ जानेवारी, १२:०२

नाही विसंबणार. तिथे तुमच्याशी सहमत. ९० पानांचं भिन्नमत लिहिणारे न्या. स्टीव्हन्ससुद्धा सिनेमापुरता अरुंद निकाल देता आला असता, असंच म्हणत होते. ८९ वर्षांचे होते, वाचून दाखवताना अडखळत होते. शेवटी त्यांनी टोमणा मारलाय की अमेरिकन लोकशाहीत दोष खूप असतील, पण कंपन्यांचा पैसा कमी पडतोय ही तक्रार या न्यायालयातल्या बहुमताशिवाय फारशी कोणी केलेली नाही.

माझं भांडण पुस्तकाशी नाही, ‘स्वतंत्र’शी आहे. आता एक गंमत. उमेदवार सुपर पॅकशी प्रचाराची आखणी करू शकत नाही ना? मग ते काय करतात: आपल्या वेबसाइटवर एका कोपऱ्यात लाल चौकटीत मजकूर टाकतात. ‘अमुक भागातल्या मतदार स्त्रियांना तमुक मुद्दा कळायला हवा, आणि तो टीव्हीवर दिसायला हवा.’ जाहीर ठिकाणी लिहिलं म्हणजे गुप्त संगनमत नाही. ज्यांना वाचायचं ते वाचतात. २०१४ ला रिपब्लिकन सिनेटर मिच मॅककॉनेलच्या प्रचाराने यूट्यूबवर शब्दाविना नुसतीच दृश्यं टाकली होती. साहेब हसताहेत, साहेब सही करताहेत, बोलणं नाही, मागे नुसतं संगीत. कोणालाही उचलून जाहिरातीत डकवायला मोकळी.

विनोदवीर स्टीफन कोलबेर यांनी तर खरीखुरी सुपर पॅक काढली होती. स्वतः उमेदवारीचं नाटक करायची वेळ आली तेव्हा टीव्हीवर वकिलासमोर ती मित्र जॉन स्टुअर्टच्या हवाली केली. नवं नाव काय, तर ‘स्टीफन कोलबेरशी अजिबात संगनमत न करणारी’ सुपर पॅक. सगळं कायदेशीर. प्रेक्षक हसून हसून बेजार, आणि वकील गंभीर.

मार्च २०२४ मध्ये तर इथल्या निवडणूक आयोगाने, म्हणजे एफईसीने, सल्लावजा मत दिलं की घरोघरी जाऊन करायच्या प्रचाराबाबत बाहेरचे गट उमेदवाराशी सल्लामसलतही करू शकतात. ऑक्टोबरात आमच्या दारावर टॅबलेट घेऊन एक मुलगा आला. कोणाकडून आलास विचारलं तर पोराला नीट सांगता येईना. बाहेर पाऊस, हात गारठलेले. चहा दिला. टॅबलेटवर माझं नाव, वय आणि गेल्या निवडणुकीत मी मत दिलं की नाही हे सगळं होतं.

---

निवृत्त_काळा_कोट | २१ जानेवारी, १३:४५ (नागपूर)

ताई, तुमच्या त्या मुंगीएवढ्या ओळीने माझी दुपारची झोप उडवली.

आपल्याकडे भारतीय दंड विधानात एक कलम होतं. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याला निवडून आणण्यासाठी सभा, जाहिरात, पत्रक यांवर खर्च केला तर तो गुन्हा. दंड ५०० रुपयांपर्यंत. आता न्याय संहितेत तो १० हजारांपर्यंत गेलाय. म्हणजे बघा, ‘हे उमेदवाराने अधिकृत केलेले नाही’ ही ओळ पिट्सबर्गात छापली की तो कायद्याची कवचकुंडलं घातलेला खर्च. तीच ओळ नागपुरात छापली की तो कबुलीजबाब!

हे असं का? कारण आपल्याकडे उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, आज मोठ्या राज्यांत लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख. मग ‘माझ्या चाहत्यांनी केला’ म्हणून कोणी सुटू नये, यासाठी ते कलम.

पण खो कुठे बसला तेही ऐका. १९७४ ला सुप्रीम कोर्टाने कंवरलाल गुप्ता खटल्यात सांगितलं की उमेदवाराच्या माहितीने पक्षाने केलेला खर्चही त्याच्याच खात्यात धरा. दिल्ली हलली. त्याच वर्षी आधी अध्यादेश, मग कायदा: पक्षाचा खर्च उमेदवाराचा नाही. पक्षावर मर्यादा तेव्हाही नव्हती, आजही नाही. आपली सुपर पॅक म्हणजे खुद्द पक्षच.

---

रानवारा | २१ जानेवारी, १४:१०

काका 🙏 हे माहीतच नव्हतं.

आमच्या भागात (साखरपट्टा, जास्त सांगत नाही) देणगी वगैरे भानगड नसते. निवडणूक लागली की कारखान्याच्या जीपा दिसतात, शेतकी विभागातला माणूस गावात मुक्कामाला येतो. ऊस कुठे जाणार आणि मत कुठे जाणार हे एकाच ओट्यावर ठरतं. याला कुठल्या कलमात बसवायचं?

---

फाटकी_छत्री | २१ जानेवारी, १४:१६

याला ‘गोड बोलण्याचं स्वातंत्र्य’ म्हणतात.

---

संपादक_मंडळ | २१ जानेवारी, १४:४०

चर्चा चांगली चालू आहे. इथल्या पक्षांवर घसरू नये, एवढीच विनंती. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

---

ताळेबंद | २१ जानेवारी, २१:२५ (पुणे)

मी सीए. ऑफिसमधून आत्ता सुटलो, म्हणून उशीर.

कंपनीचा पैसा हा आपल्याकडे अभिव्यक्तीचा प्रश्न म्हणून सुरूच झाला नाही, कंपनी कायद्याचा प्रश्न म्हणून झाला. आणि सुरुवात मुंबईत. १९५७. टाटा स्टीलला आपल्या मेमोरँडममध्ये (म्हणजे कंपनीच्या घटनेत) दुरुस्ती करून राजकीय पक्षांना देणग्या द्यायची सोय हवी होती. एका भागधारकाने विरोध केला. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश छागला. त्यांनी परवानगी दिली, कारण अडवणारा कायदाच नव्हता. पण बजावून ठेवलं की हा धोका वाढत जाऊन लोकशाहीचा गळा घोटू शकतो आणि संसदेने यात लक्ष घालावं.

पुढचं पटकन: १९६० ला मर्यादा घातली, १९६९ ला पूर्ण बंदी, १९८५ ला पुन्हा परवानगी, २०१३ च्या कायद्यात तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ७.५ टक्के. २०१७ ला ती टक्केवारीच काढून टाकली. म्हणजे तोट्यातली कंपनीही देणगी देऊ शकत होती, हवी तेवढी. आमच्या धंद्यात याचा अर्थ सरळ असतो: तोट्यातली कंपनी कोटी देते तेव्हा पैसा तिचा नसतो.

त्याच दुरुस्तीत आणखी एक बारीक बदल होता, त्यावर कोणी फारसं बोललं नाही. आधी नफा-तोटा पत्रकात कोणत्या पक्षाला किती दिले हे लिहावं लागे. नंतर फक्त एकूण आकडा. ऑडिटमध्ये मी ती ओळ पाहिली आहे: ‘राजकीय देणग्या’, पुढे रक्कम, संपलं. पक्षाचं नाव विचारलं तर अकाउंट्सचा माणूस हसला. म्हणाला, सर, कायद्यानेच सांगायचं नाही, मी कशाला सांगू?

---

निवृत्त_काळा_कोट | २१ जानेवारी, २१:५८

१९६९ च्या बंदीबद्दल पुस्ती जोडतो. बंदी आली म्हणून पैसा थांबला नाही, त्याने वेष बदलला. पक्षांच्या स्मरणिका निघायच्या. एक माझ्याकडे बरीच वर्षं होती, विटेएवढी जाड. आत चार लेख, आणि बाकी पानंच्या पानं ‘हार्दिक शुभेच्छा’च्या जाहिराती. सिमेंट, वनस्पती तूप, ट्रान्सपोर्ट. देणगीला बंदी, जाहिरातीला नाही!

---

आडवा_प्रश्न | २१ जानेवारी, २२:२०

काका, तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध करताय. बंदी घातली की पैसा अंधारात जातो. मग उजेडात खर्च करू द्या आणि नाव जाहीर करा, हेच केनेडी म्हणत होते ना?

---

तीन_नद्यांकाठी | २१ जानेवारी, २२:५१

हो, तेच म्हणत होते. निकालाचा हा भाग ८ विरुद्ध १ असा आहे, नावं जाहीर करायची सक्ती वैध. केनेडींनी लिहिलंय की आता इंटरनेट आहे, खर्चाची माहिती भागधारकांना आणि नागरिकांना झटकन मिळेल.

आता माझी एक संध्याकाळ सांगते. खोक्यातलं एक कार्ड घेतलं, समितीचं नाव एकदम देशभक्त. एफईसीच्या साइटवर शोधलं. सापडली. सर्वांत मोठा देणगीदार कोण? दुसरी एक संस्था, तिचंही नाव देशभक्त. ती नफा न कमावणारी ‘समाजकल्याण’ संस्था, तिला देणगीदारांची नावं जाहीर करावी लागत नाहीत. रस्ता बंद. दुसरं कार्ड घेतलं. ती समिती ऑक्टोबरात जन्मलेली, देणगीदारांची यादी भरायची मुदत मतदानानंतरची. तिसरं घेतलं नाही, भाताचा कुकर लावायचा होता.

उजेड करू असं सांगून दिवा दिला, पण वात दिली नाही, असं झालंय.

---

ताळेबंद | २१ जानेवारी, २३:३०

आपल्याकडे तर दिव्याचीच सोय नव्हती. पक्षांना निनावी देणगी द्यायचे निवडणूक रोखे आठवा: जानेवारी २०१८ पासून, फक्त स्टेट बँकेत, १ हजार ते १ कोटीचे, १५ दिवसांत वटवायचे, वर नाव नाही. पण एका पत्रकार बाईंनी दोन रोखे विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासले, तर अतिनील प्रकाशात कोपऱ्यात क्रमांक दिसला. साध्या डोळ्यांना कोरा, बँकेला नाही.

१५ फेब्रुवारी २०२४ ला घटनापीठाने रोखे रद्द केले, ७.५ टक्क्यांची मर्यादा काढणंही रद्द केलं. आणि कशाच्या आधारावर? कलम १९(१)(क). अभिव्यक्तिस्वातंत्र्य! मतदाराला जाणून घ्यायचा हक्क त्यातच येतो, म्हणून. शिवाय कोर्ट म्हणालं की माणसाच्या देणगीत पक्षाबद्दलचा जिव्हाळा तरी असतो, कंपनीची देणगी हा निव्वळ व्यवहार असतो.

स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत, म्हणजे लोकसभा उरकेपर्यंत मुदत मागितली होती. कोर्टाने ११ मार्चला नाकारली. तीन दिवसांत याद्या बाहेर. सर्वांत मोठी खरेदीदार लॉटरीवाली कंपनी निघाली, १,३६८ कोटी.

---

सॅनहोजेकर | २२ जानेवारी, ०१:१५

उशिरा आलो. आमच्या कॅलिफोर्नियात वात आहे, पण उपयोग ऐका. इथे थेट मतदारांच्या कौलाला टाकलेल्या प्रश्नांच्या (त्यांना ‘प्रॉप’ म्हणतात) प्रचारकार्डांवर पहिल्या तीन मोठ्या देणगीदारांची नावं छापावी लागतात. २०२० ला प्रॉप २२ होतं: ॲपवरच्या ड्रायव्हरांना कर्मचारी मानायचं की नाही. उबर, लिफ्ट, डोअरडॅश आणि मंडळींनी २० कोटी डॉलरहून जास्त घातले. कार्डावर त्यांची नावं स्वच्छ छापलेली. गाडी बोलवायला ॲप उघडलं तर तिथेही प्रचार. लोकांनी वाचलं, आणि कंपन्यांच्या बाजूने मत दिलं. मला घरी सोडणारा ड्रायव्हर म्हणाला, मी विरोधात आहे, पण पाच स्टार द्या.

अशा कौलावर कंपन्यांनी पैसे खर्चायची मुभा १९७८ च्या निकालापासूनची आहे, ‘सिटिझन्स युनायटेड’चा तिथे काही संबंध नाही.

---

तीन_नद्यांकाठी | २२ जानेवारी, ०१:४०

तरी मला ती तीन नावं हवी आहेत, सॅनहोजेकर. वाचून मग मी चुकीचं मत दिलं तर ते माझं चुकणं.

आडवा_प्रश्न, तुमच्या पुस्तकाला माझं अभय. काकांनी दाखवलेली गोष्ट मात्र डोक्यातून जात नाहीये, तीच ओळ इथे कवच आणि तिथे कबुली.

---

निवृत्त_काळा_कोट | २२ जानेवारी, १०:०५

ताई, एक विनंती. त्यातलं एक कार्ड मला धाडाल का? कोर्टात वकिलांच्या बाररूममध्ये दाखवायचं आहे. इथल्या पोरांना सांगून पटत नाही.

---

तीन_नद्यांकाठी | २२ जानेवारी, १८:२०

एक कशाला, दहा पाठवते काका. पत्ता निरोपातून कळवा. कार्डांवर आमचं नाव-पत्ता छापलाय, तेवढं खोडते.

---

निवृत्त_काळा_कोट | २२ जानेवारी, १८:४४

टपालखर्च माझ्याकडे. तुमच्याशी सल्लामसलत न करता केलेला स्वतंत्र खर्च समजावा.